कोरा पुठ्ठा

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. नवऱ्याला मी एरवी ‘अरे पद्माकर’ म्हणते. पण माझ्या तोंडून ‘अहो’ निघालं की तो आणि आमची लेक अदिती, दोघंही पाय न वाजवता आपापल्या खोलीत जातात. त्या रविवारी मी भर रेंजवर, सगळ्या क्लबसमोर ‘अहो’ म्हणाले. तिथे बिचाऱ्याला जायला खोलीही नव्हती.

तर, आमचा नेमबाजीचा क्लब. सिंगापुरात बंदूक घरी ठेवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा खिशात घालून बाहेर नेता येत नाही. सगळं क्लबच्या आर्मरीत कुलूपबंद असतं, आणि ते तसंच असावं. पद्माकर पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवायचा. इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला आणि वर्षभरात हा क्लब शोधून काढला. मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत अकाउंट्समध्ये. सुरुवातीला पुस्तक घेऊन नुसती सोबत जायची. पण समोर माणसं चुकीचं करत असताना पुस्तकात डोकं घालून बसणं मला जमत नाही. कुणी पिस्तूल हातात घेऊन मागे वळला की मी बसल्या जागेवरून ओरडायची. शेवटी क्लबवाले म्हणाले, ओरडायचंच आहे तर परीक्षा देऊन ओरडा. दिली. तेव्हापासून मी रेंज ऑफिसर आहे, आणि चांगली आहे.

पद्माकरला डायबेटिस. तीन-चार वर्षांपूर्वी तो डोळ्यांवर आला. लेझर झालं, डॉक्टरांनी रेंजवर जायला हरकत नाही असं लिहून दिलं, पण बारीक दिसायचं गेलं ते गेलंच. कागदाच्या टार्गेटवर पडलेलं भोक म्हणजे केवढंसं, वाटाण्याएवढंही नाही. ते त्याला दिसेना. प्रत्येक गोळीनंतर तो शेजारच्याला विचारायचा, कुठे लागली? ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही, तो माणूस. मला ते बघवायचं नाही. मग तो विचारायचाच बंद झाला. नुसत्या गोळ्या झाडायचा आणि कागद न बघता घडी करून पिशवीत टाकायचा.

तेवढ्यात क्लबने पोलादी तबकड्या आणल्या. ताटाएवढ्या, पांढऱ्या रंगाच्या, एका ओळीत टांगलेल्या. पिस्तुलाने जवळून नेम धरायचा. लागली की टण्ण. कानावर मफ असले तरी ऐकू येतो तो आवाज. पांढरं ताट पद्माकरला व्यवस्थित दिसत होतं, आणि लागली की नाही हे आता तबकडीच सांगत होती. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पहिल्या दिवशी घरी परतताना तो एलआरटीच्या छोट्या गाडीत चक्क शीळ घालत होता. समोरच्या चिनी आजी त्याच्याकडे बघून हसल्या, तरी थांबला नाही.

आणि मग दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये तो अपघात झाला.

झालं असं की त्या सुमाराला अमेरिकेत पॉइंट टू-टूच्या गोळ्यांचा दुष्काळ पडला होता. तिकडे मिळेनात म्हणून इकडेही मिळेनात. नेहमीचा माल संपला. क्लबचा खजिनदार दीनानाथ. हा आपलाच, ठाण्याचा, एका फायनान्स कंपनीत मोठा साहेब आणि दर दिवाळीला आमच्याकडे चकल्या खायला हजर. त्याने विक्रेत्याकडे जे स्वस्तात पडून होतं ते उचललं. जोरात जाणाऱ्या, वर तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या. कागदासाठी काही वाईट नाहीत. पण त्याच गोळ्या तबकड्यांच्या लेनवर आल्या, आणि त्यातल्या एकीची कपची उलटी येऊन एका पाहुण्या मेंबरच्या गालात घुसली. चष्म्याच्या बरोबर खाली. टाके पडले. माणूस भला, हसत हसत गेला, पण बोटभर वर लागली असती तर काय झालं असतं ते सगळ्यांना कळलं होतं.

आमचे प्रेसिडेंट मिस्टर को. निवृत्त इंजिनिअर, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यांनी त्याच संध्याकाळी लेनला साखळी लावली. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की जवळून पोलादावर झाडायला खरोखर सुरक्षित आणि क्लबला वर्षभर परवडेल अशी गोळी कुणी दाखवली तर लेन उघडेल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एक चाचणी. तीत काही वावगं दिसलं तर तबकड्या भंगारात. सुरक्षित पण महाग चालणार नाही, स्वस्त पण धोक्याची तर मुळीच नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले. मी हात वर केला.

घरी पद्माकर नेमबाजीचा चष्मा काढून पुसत बसला. स्वच्छच होता तो. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “कागदावर मी परत जाणार नाही, विनीता. तबकड्या गेल्या की मीही थांबलो.” हे त्याने जेवायला काय आहे हे विचारावं इतक्या साधेपणाने सांगितलं. मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला, आणि ते बरंच झालं. रागात माझं डोकं फार छान चालतं.

दीनानाथचं म्हणणं सरळ होतं. वहिनी, गोळी ती गोळी. सगळ्यात स्वस्त घेऊ, वाटल्यास चष्मे मोठे देऊ. मी म्हटलं, दीनानाथराव, चष्मा सगळ्यांना सक्तीचा आहेच, पण गालाला कुठला चष्मा लावणार? त्याला ते पटलं नव्हतं. मग मी ठरवलं की वाद घालायचा नाही, दाखवायचं.

सेरंगून रोडवरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानातून मी पांढरे जाड पुठ्ठे आणले, माणसाच्या धडाएवढे. कशासाठी ते सांगते. रेंज बंद असताना, मिस्टर कोंच्या परवानगीने, ते मी नेमबाजाच्या जागेवर उभे केले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक समोर, फक्त पिस्तुलाला आणि नजरेला खाच ठेवून. तबकडीच्या बाजूंनाही लावले. गोळी पोलादावर फुटली की तिचे तुकडे कुठे जातात हे माणूस सांगू शकत नाही, पुठ्ठा सांगतो. भोक पडलं म्हणजे तिथे माणूस असता तर लागलं असतं. साधी गोष्ट.

पण त्याआधी तबकड्या बघितल्या. एकीवर तांब्यावाल्या गोळ्यांच्या आधीच कुणीतरी मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं, काहीतरी झाडून खळगा पाडला होता. खळग्यात गेलेलं शिसं वळून परत येतं. ती तबकडी मी सरळ काढून टाकली. बाकीच्या सपाट होत्या, त्या वरून किंचित पुढे झुकवून टांगल्या, म्हणजे तुकडे खाली जमिनीकडे जातील. आणि नेमबाजाची रेघ मागे नेली. जवळून म्हणजे तबकडी बनवणाऱ्याने सांगितलं आहे तितकंच जवळून, पाऊलभरही आत नाही. दोन जणांनी कुरकुर केली. करू देत.

मग गोळ्या. तांब्यावाल्यांनी समोरच्या पुठ्ठ्यात भोकं पाडली, ती बघून दीनानाथच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तो पुठ्ठा स्वतःच्या छातीशी धरून बघितला आणि हळूच खाली ठेवला. मग आणल्या अगदी संथ, जवळजवळ आवाज न करणाऱ्या. पुठ्ठे कोरे राहिले, पण त्यांच्यात एवढा जोर नव्हता की पिस्तूल स्वतःहून पुढची गोळी घेईल. दर खेपेला हाताने ओढा. मग जर्मन, स्पर्धेच्या. देखण्या, सगळं बरोबर, आणि किंमत अशी की क्लबने त्या दसऱ्या-दिवाळीलाच झाडाव्यात. राहिली चौथी. सरावाची, साध्या वेगाची, नुसत्या मऊ शिशाची, वर कसलाही मुलामा नाही. कणकेचा गोळा ओट्यावर आपटला की जागीच पसरतो ना, तशी ती तबकडीवर चपटी व्हायची आणि तुकडे कडेकडेने आडवे जायचे. बाजूच्या पुठ्ठ्यांवर राखाडी ठिपक्यांची एक रेघ, समोर काही नाही. पिस्तूल चाललं. फुसकी एकही निघाली नाही. पॉइंट टू-टूमध्ये पेट घेणारं द्रव्य काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, ते सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर घोडा आपटूनही गोळी सुटत नाही. स्वस्तात स्वस्त मालात हे हमखास. या चौथीची कड नीट होती. किंमतही मधली. दीनानाथने खूप वेळ आकडेमोड केली आणि म्हणाला, परवडेल.

तिची एकच खोड होती. शिसं उघडं म्हणून त्यावर मेणचट लेप असतो, हाताला चिकटतो. त्यात धूळ बसते. म्हणून मी दीनानाथला बजावलं की खोकी वापरायच्या वेळेलाच उघडायची. आणि झाडून झालं की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, शिसं आहे ते. विक्रेत्याकडे एकाच खेपेच्या मालाची पुरेशी खोकी होती. ती आर्मरीत आली आणि मी, खरं सांगते, त्या संध्याकाळी आरशात स्वतःकडे बघून मान डोलावली. बँकेत माझ्या हाताखालून एवढे आकडे जातात, पण इतकं स्वच्छ काम मी पूर्वी केलं नव्हतं.

चाचणीच्या आधी खंडेनवमी आली. शस्त्रं पुजायचा दिवस. आमच्या क्लबात हे पद्माकरने सुरू केलेलं. आर्मरीतली माणसं पिस्तुलं टेबलावर मांडून देतात, पद्माकर हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो, चिनी, मलय, तमिळ सगळे पेढे खातात. मिस्टर कोसुद्धा. मला तिमाहीच्या हिशोबांमुळे ऑफिस सोडता येईना. पद्माकर एकटाच लिटिल इंडियात उतरून फुलं घेऊन गेला. दुपारी त्याने फोटो पाठवला. टेबलावर पिस्तुलं, पिवळी फुलं, आणि मधोमध, सगळ्यात मोठा हार घातलेलं, माझ्या गोळ्यांचं खोकं. मला इतकं बरं वाटलं की मी तो फोटो शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, सो नाइस, पण तिला बिचारीला काय कळणार.

रविवार उजाडला. हेझ, म्हणजे इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर, थोडा होताच, पण रेंज छपराखाली. सगळी कमिटी काचेच्या मागे. तो गाल कापलेला मेंबरही आला होता, गालावर अजून लालसर वळ. पुठ्ठे कोरे करकरीत लावलेले. झाडायला पद्माकर, हे मिस्टर कोंनीच ठरवलं होतं. त्याचा हात स्थिर आहे हे सगळ्यांना माहीत. मी रेंज ऑफिसर म्हणून त्याच्या मागे. त्याच्या मानेवर घाम दिसत होता. मी हुकूम दिला, आवाज नेहमीसारखा निघाला.

पद्माकरने चाप ओढला. टिक.

टण्ण नाही, धडाम नाही, नुसतं टिक. पद्माकर हलला नाही. पिस्तूल तबकड्यांकडेच धरून, बोट चापावरून काढून, तसाच उभा. गोळी उशिरानेही सुटू शकते, म्हणून थांबायचं असतं. तो थांबला. मी खूण केल्यावर त्याने काडतूस बाहेर काढलं, पुढचं घेतलं. ते सुटलं, तबकडी वाजली, मला हायसं वाटलं. आणि त्याच्या पुढचं पुन्हा टिक.

काचेमागे माना एकमेकांकडे वळल्या. दीनानाथ माझ्या मागच्या दारातून आत आला आणि कुजबुजला की वहिनी, मला वाटतच होतं, महागातलंच एक खोकं ठेवायचं होतं चाचणीपुरतं. त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली मला. पण माझं लक्ष पद्माकरच्या पाठीकडे होतं. ती पाठ मी कागदाच्या दिवसांत बघितली होती. तशीच खाली आली होती.

मी फायर थांबवला. पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवायला लावलं, आणि न सुटलेली ती दोन्ही काडतुसं उजेडात धरली. कडेवर घोड्याचा वार उमटला होता, पण अर्धवट, वरवरचा. म्हणजे काडतूस पुरतं आत बसलंच नव्हतं. का बसलं नाही? बोटाने शिसं चाचपलं तर खरखरीत. बोट लाल झालं. मी बोट नाकाशी नेलं. हा वास मला जन्मापासून माहीत आहे. मग मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, उलटं करून टेबलावर आपटलं, आणि त्यातून टपकन एक तांदळाचा दाणा पडला. हळदीने पिवळा झालेला.

“अहो,” मी म्हणाले. “तुम्ही खोकं उघडून अक्षता टाकल्यात?”

रेंजवर मराठी कळणारी आम्ही तिघंच, पण माझा सूर सगळ्यांना कळला. दीनानाथने जमिनीकडे बघितलं. म्हणजे खोकं यानेच उघडून दिलं होतं, मी बजावलेलं असताना. त्या मेणचट शिशावर कुंकू बसलं होतं, अक्षता फटीत शिरल्या होत्या, आणि ती सगळी रेती पिस्तुलाच्या पोटात गेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर मी पुठ्ठे उचलून हात दुखवून घेतले, आणि या दोन शहाण्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. तोंडात आलेलं सगळं मी बोलले असते. मला कुणी अडवलं नसतं.

पद्माकरने चष्मा काढला आणि मला उत्तर न देता तो काचेकडे गेला. मिस्टर कोंना बाहेर बोलावलं. इंग्रजीत बोलला, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गोळ्यांचा काही दोष नाही, सर, चूक माझी आहे. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे तुम्ही बघितलंच आहे. पण खोकं उघडून त्यावर तांदूळ आणि कुंकू मी वाहिलं. मिस्टर कोंनी विचारलं, दरवर्षी तर तुम्ही फक्त पिस्तुलं पुजता, यंदा गोळ्या का?

पद्माकर म्हणाला, “कारण या गोळ्या माझ्या बायकोने निवडल्या आहेत.”

माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या पुरणपोळीलाही कधी ‘छान’च्या पुढे शब्द वापरला नाही. आणि आज भर रेंजवर, स्वतःची नेमबाजी पणाला लागलेली असताना, हे. 

मिस्टर कोंनी तो दाणा तळहातावर घेऊन बघितला. मग मला विचारलं, आता काय करणार? दीनानाथ घाईघाईने मध्ये पडला की कापडाने पुसून घेऊ, इतक्या गोळ्या वाया कशाला. मी म्हटलं, नाही. पुसलेल्या नाहीत, धुतलेल्या नाहीत, या खोक्यातली एकही गोळी या लेनवर झाडली जाणार नाही. ते वेगळं काढून आर्मरीत परत जाईल आणि नियमाप्रमाणे नष्ट होईल. पिस्तूल उघडून साफ करायचं. मग त्याच खेपेतलं सीलबंद खोकं सगळ्यांसमोर उघडायचं. आणि हे मान्य नसेल तर चाचणी इथेच संपली, तबकड्या काढा, पण मी पुसलेल्या गोळीवर माझ्या नवऱ्याला उभा करणार नाही.

हे बोलताना मला माहीत होतं की ते ‘संपली’ म्हणू शकतात. एकच चाचणी ठरली होती. पद्माकरलाही माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली.

मिस्टर कोंनी तो दाणा टेबलावर ठेवला. मग म्हणाले की सगळं सुरळीत चाललं की कुणीही सुरक्षित दिसतो. गोळी सुटली नाही तेव्हा हा माणूस काय करतो आणि गोळ्या बिघडल्या तेव्हा तुम्ही काय करता, हे मला बघायला मिळालं. पिस्तूल साफ करा.

साफ केलं. मीच केलं. नवं खोकं त्यांनी स्वतः हाताने उघडलं, वास घेतला, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू दिसलं.

पुढचं काय सांगू. टण्ण. टण्ण. टण्ण. पद्माकर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. एकदाही त्याने कुणाकडे बघितलं नाही. दर आवाजाला त्याचे खांदे जरा जरा वर येत होते, आणि मी त्याच्या मागे, पाठ ताठ, नाकाने श्वास घेत उभी. छाती फुगणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. चुकलेली एकच, तीही त्याने आपणहून सांगितली, कारण वाजली नव्हती.

मिस्टर कोंनी बाजूचे पुठ्ठे बघितले. हव्या तिथे राखाडी रेघ. मग नेमबाजाच्या समोरचा पुठ्ठा काढला, उजेडासमोर धरला, उलटा केला, परत धरला. गाल कापलेल्या त्या मेंबरकडे दिला. त्यानेही बघितला. त्याने स्वतः जाऊन लेनची साखळी काढली आणि गुंडाळून खुंटीला अडकवली. यापुढे तबकड्यांसाठी कुठली गोळी आणायची ते विनीता सांगेल, असं मिस्टर को जाता जाता दीनानाथला म्हणाले. दीनानाथ मला म्हणाला, वहिनी, चुकलं. मी म्हटलं, चकल्या मिळतील, पण कमी.

तो समोरचा पुठ्ठा मी मागून घेतला. चुआ चू कांगपर्यंत एमआरटीच्या मेट्रोत आणि पुढे बुकित पंजांगपर्यंत एलआरटीत तो उभा धरून आणला. पद्माकर दुसरी बाजू धरून उभा. माझं ‘अहो’ अजून हवेत होतं, आणि ते परत कसं घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं.

अदितीने दार उघडलं, पुठ्ठा खालून वर न्याहाळला आणि अर्ध्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मी, नथिंग ऑन इट, लाह. हा कशाला आणला?”

पद्माकर सोफ्यावर बसला. पुठ्ठा मांडीवर आडवा घेतला आणि त्यावरून बोटं फिरवायला लागला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थोडं खाली, पुन्हा. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. भोक असतं तरी त्याला दिसलं नसतं. म्हणून तो हातांनी शोधत होता, आणि मुलीसमोर शोधायची त्याला आज लाज वाटत नव्हती. खाच सोडली तर कुठेच काही लागलं नाही. शेवटी त्याने तळहात मधोमध ठेवला.

“नीट बघ,” तो अदितीला म्हणाला. “तुझ्या आईने केलंय हे.”

अदितीने फोन बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून ती त्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अरे पद्माकर, आधी हात धू, शिसं आहे त्यावर.